नाव नको, नंबर सांगा: जुन्या गाडीचा गिअरबॉक्स बांधताना

माझी बलेनो २००१ची. बलेनो म्हटलं की आता सगळ्यांच्या डोळ्यांपुढे नेक्साच्या शोरूममधली हॅचबॅक येते. ही ती नव्हे. ही १९९९मध्ये आलेली आणि २००७मध्ये बंद झालेली सेडान. १५९० सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन आणि जेमतेम टनभर वजन, त्यामुळे भलतीच चपळ. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तिचा तिसरा गिअर खरखरायला लागला आणि ती पुन्हा नीट रस्त्यावर यायला सात महिने गेले. प्रत्यक्ष काम होतं सहा दिवसांचं. उरलेला सगळा वेळ चुकीचे पार्ट मागवण्यात, बरोबर पार्ट शोधण्यात आणि एका गॅरेजने हरवलेल्या शिमच्या (बेअरिंगला मोजून घातलेल्या पातळ चकतीच्या) मागे धावण्यात गेला.

पालिओ १.६, आयकॉन १.६, सिटी व्हीटेक, लान्सर, पहिली ऑक्टाव्हिया, एस्टीम अशा गाड्या जिवापाड जपणारे ठाण्यात आणि नवी मुंबईत बरेच आहेत. त्यांच्यातल्या ज्यांनी गिअरबॉक्स आतून कधी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पाना स्वतः धरा किंवा मिस्त्रींच्या हाती द्या, क्रम हाच ठेवा.

१. आधी बघा, दोष बॉक्सचाच आहे का

गिअर पडत नाही म्हटल्यावर बॉक्स उतरवायचा सल्ला लगेच मिळतो. घाई करू नका. अर्ध्या तक्रारी बॉक्सच्या बाहेरच मिटतात.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर सगळेच अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबल ताणलेली असेल, प्लेट चिकटत असेल. आणखी एक परीक्षा: इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबलेला, मनात पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही कर्र झालं तर संशय क्लचवर. न थांबता टाकल्यावरच कर्र होत असेल तर ते बऱ्याच जुन्या बॉक्समध्ये चालायचंच, कारण त्यांच्या रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी पितळी रिंग) नसतो.

लिव्हर ढिला, शोधावा लागतोय, पहिल्याऐवजी तिसरा पडतोय? गाडीखाली जाऊन लिंकेजचे (लिव्हर आणि बॉक्स जोडणाऱ्या सळ्यांचे) बुश हलवून बघा. रबर आणि नायलॉनच्या त्या टिकल्या वीस वर्षांत भुगा होतात. माझ्या ओळखीतल्या एका एस्टीमवाल्याने ‘बॉक्स गेला’ म्हणून गाडी विकायला काढली होती, दोनशे रुपयांच्या बुशवर काम झालं. बॉक्स आणि इंजिनचे माउंटही याच वेळी बघून घ्या. माउंट फाटला की जोर देताना सगळं इंजिन डोलतं आणि गिअर आपोआप निसटतो.

आता आवाज. गाडी उभी, न्यूट्रल, क्लचवरून पाय काढलेला. घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येतो, तर रिलीज बेअरिंग. त्यासाठी बॉक्स उतरवावा लागतो, उघडावा लागत नाही. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या जोडीचे दाते किंवा तिचं नीडल बेअरिंग. सगळ्या गिअरमध्ये आहे, न्यूट्रलमध्ये गाडी सोडली तरी वेगाबरोबर चढतो-उतरतो, तर डिफरन्शियलकडे किंवा चाकांच्या बेअरिंगकडे बघा.

एकच ठरावीक गिअर टाकताना खरखरतो, बाकीचे ठीक, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली. टाकताना व्यवस्थित पडतो पण ॲक्सिलरेटर सोडला की उडून न्यूट्रलला येतो, तर डॉग दाते (गिअर पकडून ठेवणारे बाजूचे छोटे दाते) गोल झालेत, फोर्क (गिअर टाकताना आत सरकणारा काटा) झिजलाय किंवा डिटेंट स्प्रिंग (टाकलेला गिअर जागेवर धरणारी) थकलीय. या दोन तक्रारी किंवा वर सांगितलेले बॉक्सच्या आतले आवाज असतील तरच पुढे चला.

आणि हो, खर्चात पडण्याआधी आरसी काढून तारीख बघा. नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. तारीख उलटून गेलेल्या गाडीचा बॉक्स आधी बांधायला काढलात तर तपासणीला ती टोचनवर न्यावी लागेल.

२. गाडीची कुंडली काढा

सर्वांत महागडी चूक मी इथे केली, म्हणून सविस्तर सांगतो.

मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडे ‘सुझुकी बलेनो, तिसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग’ असं शोधलं, फोटो बरा दिसला, पैसे भरले. आली ती २०१५नंतरच्या बलेनोची. चूक विक्रेत्याची नव्हती, मी नाव शोधलं होतं. मग कोणीतरी सांगितलं की अमेरिकेत आपली गाडी एस्टीम म्हणून विकली गेली, तर एस्टीम शोध. ते खरंच आहे: अमेरिकेतली सुझुकी एस्टीम म्हणजे आपली जुनी बलेनो. पण आपली मारुती एस्टीम ही वेगळीच गाडी, ती जपानमधल्या कल्टसची सेडान आणि बाहेर बऱ्याच ठिकाणी स्विफ्ट नावाने विकली गेली. म्हणजे तीन नावं, तीन पिढ्या आणि प्रत्येक नाव दुसऱ्याच गाडीला चिकटलेलं. कुर्ल्याला एका दुकानात मी हे रामायण सांगायला लागलो तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाने हात वर करून थांबवलं. ‘भाई, नाम मत बोलो. नंबर बोलो.’

तर नंबर. तीन हवेत.

पहिला चॅसिस नंबर, आरसीवरचा आणि गाडीवरचा दोन्ही जुळवून. दुसरा गिअरबॉक्सचा नंबर किंवा कोड. तो केसवर ठोकलेला किंवा स्टिकरवर असतो. वायरब्रश आणि रॉकेलने घासून मोबाइलने फोटो काढा. आधीच्या मालकाने कधी दुसराच बॉक्स बसवला असेल तर तो इथे पकडला जातो. आरसीवर इंजिन आणि चॅसिसचे नंबर असतात, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे कागदावरून हे कळणार नाही. तिसरा पार्ट नंबर, कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमधल्या सुट्या भागांच्या चित्रावरून काढलेला.

पार्ट नंबर वाचायला शिका, फार अवघड नाही. सुझुकीचा पाच-पाच अक्षरांचा असतो: पहिले पाच आकडे वस्तू सांगतात, पुढची तीन अक्षरं ती मुळात कोणत्या मॉडेलसाठी बनली ते सांगतात, शेवटची दोन आवृत्ती. होंडाचा पाच-तीन-तीन: पहिला गट वस्तू, मधला मॉडेल किंवा इंजिन, शेवटचा आवृत्ती. फोक्सवॅगन-स्कोडाच्या नंबरात सुरुवातीची तीन अक्षरं गाडी किंवा बॉक्सचं घराणं सांगतात. ऑक्टाव्हिया १.८ टर्बोचा बॉक्स ०२जे घराण्यातला, आणि तेच घराणं चौथ्या पिढीच्या गोल्फमध्ये आहे. म्हणून ‘ऑक्टाव्हियाचा पार्ट’ मिळत नसला तरी ०२जेचा पार्ट युरोपात मिळतो. मॉडेल सांगणारा गट वाचता आला की तुमच्या गाडीचा पार्ट दुसऱ्या कुठल्या गाडीतून उसना आलाय हे कळतं, आणि ती दुसरी गाडी कदाचित अजून रस्त्यावर असते.

३. कागद आणि हत्यारं

सोबत ठेवायचं ते असं:

– आरसीची प्रत, चॅसिस आणि बॉक्स नंबरचे स्वच्छ फोटो
– तुमच्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल (बॉक्सचा विभाग छापून घ्या, तेलकट हातांनी मोबाइल बघवत नाही)
– पार्ट नंबरांची यादी, जुना आणि बदललेला असे दोन रकाने करून
– परदेशातून मागवणार असाल तर कुरिअरच्या केवायसीसाठी पॅन आणि आधार, विक्रेत्याचं खरं बिल

हत्यारं: व्हर्नियर, फीलर गेज, डायल गेज, टॉर्क रेंच, आतली-बाहेरची सर्कलिप प्लायर, रोल पिनचे पंच, बेअरिंग पुलर, चुंबक, गाडीखाली ठेवायचे घट्ट स्टँड. हायड्रॉलिक प्रेस घरी नसतो, नको पण. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याला लेथवाल्याकडे थोड्या पैशांत तेवढं काम होतं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉक्स उतरवायचा विचार असेल तर आधी सेक्रेटरींशी बोला, आणि जून ते सप्टेंबर हा विचारच करू नका. दमट हवेत उघडे पडलेले शाफ्ट दोन रात्रींत तांबूस होतात.

४. उघडण्याआधी अर्धा माल घरात हवा

लोक आधी बॉक्स उघडतात आणि मग पार्ट शोधायला निघतात. तोवर गॅरेजमधली ती जागा अडते, मिस्त्री वैतागतात, तुमचा बॉक्स घमेल्यात कोपऱ्यात जातो आणि बारीकसारीक वस्तू इकडेतिकडे होतात. माझा शिम असाच गेला.

जे बदलायचंच आहे ते आधी आणा: सगळे ऑइल सील (इनपुट शाफ्ट, दोन्ही ड्राइव्हशाफ्ट, शिफ्ट शाफ्ट), रोल पिन, सर्कलिप, ड्रेन प्लगचे वॉशर, तक्रार असलेल्या गिअरची सिंक्रो रिंग. पहिल्या ते चौथ्यापर्यंतच्या रिंगा एकत्र मिळत असतील तर चारही घ्या. बॉक्स खाली आलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचा मागचा सील. हे आज वाचवलंत तर सहा महिन्यांनी तेवढ्यासाठी पुन्हा बॉक्स उतरवाल.

बेअरिंग मात्र उघडल्यावर नंबर वाचून घ्या. गिअर, हब (शाफ्टवर बसणारी दातेरी चकती), स्लीव्ह (हबवर सरकून गिअर पकडणारं कडं), फोर्क यांची मिळण्याची शक्यता आधी चाचपून ठेवा, पैसे नंतर द्या.

५. उतरवणं आणि उघडणं

तेल काढताना स्वच्छ तसराळ्यात काढा आणि उन्हात धरून बघा. पिवळसर चकाकी म्हणजे सिंक्रोचं पितळ. वीस वर्षांच्या बॉक्समध्ये थोडी असणारच. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या लेपासारखी भुकटी, तेही चालेल. चिमटीत धरता येतील असे लोखंडाचे कण किंवा पापुद्रे असतील तर दाते किंवा बेअरिंग तुटतंय.

केस बाहेरून पूर्ण धुऊन मगच उघडा. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर केसचं चित्र काढून ज्या त्या जागी भोक पाडून खोचा. डिटेंटचे बोल्ट काढताना खाली चुंबक धरा. आतली गोळी आणि स्प्रिंग टुणकन उडून बाकाखाली जाते, आणि तिथून ती कोणालाच मिळत नाही. केस सुटत नसेल तर एखादा बोल्ट राहिलाय. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, ॲल्युमिनियमच्या तोंडावर पडलेला ओरखडा आयुष्यभर तेल गाळतो.

हब आणि स्लीव्ह वेगळे करण्याआधी दोघांवर रंगाने एक सरळ रेघ ओढा, आणि कोणती बाजू कोणत्या गिअरकडे होती ते लिहा. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, सारख्या नसतात. हब उलटा बसवलेला बॉक्स टेबलावर छान फिरतो आणि गाडीत गेल्यावर एक गिअर पडतच नाही. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा, बाजूला मोजपट्टी ठेवून.

प्रत्येक शिम वेगळ्या पाकिटात. पाकिटावर जागा आणि मायक्रोमीटरने मोजलेली जाडी लिहा. हे काम मिस्त्रींवर सोपवू नका, स्वतः उभं राहून करा. त्यांना रोज चार गाड्या असतात, तुम्हाला एकच आहे.

६. मोजा, मग ठरवा

सिंक्रो रिंग गिअरच्या निमुळत्या तोंडावर बोटांनी दाबून बसवा आणि फिरवायचा प्रयत्न करा. चांगली रिंग पकडते, मेलेली घसरते. मग रिंग आणि गिअर यांच्यातली फट फीलर गेजने तीन ठिकाणी मोजा. सुझुकीच्या जुन्या बॉक्समध्ये नवी असताना ही फट एक मिलिमीटर किंवा थोडी जास्त असते आणि ०.५ ही शेवटची मर्यादा. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा प्रमाण माना. माझी तिसरी रिंग ०.३ भरली. आतल्या बारीक आट्या जवळजवळ सपाट झाल्या होत्या.

डॉग दात्यांची टोकं घराच्या छपरासारखी धारदार हवीत. ती गोल झाली असतील तर नवी रिंग घालूनही गिअर खरखरेल, फक्त थोडे दिवस उशिरा. स्लीव्हच्या आतले दातेही असेच बघा. शाफ्टवर नीडल बेअरिंग फिरतं त्या जागी नख अडलं तर शाफ्टही गेला.

काही बॉक्सचे जुने रोग ठाऊक असू द्या. आयकॉन आणि फिएस्टा १.६च्या आयबी५ बॉक्समध्ये डिफरन्शियलची आडवी पिन सरकून बाहेर येते आणि केसला भोक पाडते. उघडलाच आहे तर ती पिन तपासल्याशिवाय बंद करू नका. ०२जेमध्ये क्राउन व्हील (डिफरन्शियलचं मोठं गिअर) रिव्हेटांनी बसवलेलं असतं, ते रिव्हेट तुटतात. त्यासाठी बोल्टचा संच मिळतो, तो या वेळीच टाकून घ्यावा. होंडाच्या बॉक्सला तेलाचं पथ्य फार, ते पुढे येईलच.

७. बंद झालेले पार्ट शोधायचे कसे

अधिकृत डीलरच्या पार्ट काउंटरपासून सुरुवात करा. हसू नका. गाडी बंद झाली म्हणून तिचा प्रत्येक पार्ट बंद होत नाही. तोच पार्ट दुसऱ्या मॉडेलसाठी नव्या नंबराने चालू असतो. काउंटरवर ‘बलेनोचं आहे का?’ विचारलंत तर उत्तर ‘नाही’. नंबर द्या आणि ‘सुपरसीड झालाय का बघता का जरा?’ असं विचारा. मला दोन सील आणि एक सर्कलिप असे डीलरकडेच मिळाले, तेही रांगेत पंधरा मिनिटं उभं राहून.

बेअरिंग आणि सीलसाठी नागदेवी स्ट्रीट. मस्जिद स्टेशनला उतरून चालत. इथे गाडीचं नाव घेण्याची गरजच नाही, बेअरिंगच्या कडेवरचा नंबर पुरतो. साध्या बॉल बेअरिंगच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतला व्यास मिलिमीटरमध्ये (शेवट ०४ किंवा त्याच्या पुढचा असेल तर). ६२०५ आणि ६३०५ दोन्हीचा आतला व्यास २५, पण पहिलं बाहेरून ५२ आणि १५ जाड, दुसरं ६२ आणि १७ जाड. मागे सी३ लिहिलं असेल तर आतली फट जास्त. जुन्यावर सी३ असेल तर नवंही सी३च घ्या. बाहेरच्या कड्याला सर्कलिपची खाच असेल तर तशीच हवी. दोन्ही बाजूंनी रबराने बंद केलेलं बेअरिंग मूळचं तसं नसेल तर घेऊ नका, बॉक्समध्ये तेल आत शिरायला हवं. गिअरबॉक्समधली काही बेअरिंगं गाडीच्या कंपनीने खास करून घेतलेली असतात, त्यांचं माप कुठल्याच सर्वसाधारण नंबरात बसत नाही. तिथे व्हर्नियरने तिन्ही मापं घेऊन विचारा. नकली बेअरिंगांचा सुळसुळाट आहे. एसकेएफचं खरं-खोटं तपासायला त्यांचंच ॲप आहे, खोक्याचा फोटो काढून तपासा. सीलवर तीन मापं छापलेली असतात. ड्राइव्हशाफ्टच्या सीलवर बाण असेल तर डावा-उजवा वेगळा असतो, दोन्ही एकाच बाजूचे आणू नका.

मग कुर्ला. सीएसटी रोडवर कटिंगच्या, म्हणजे मोडीत काढलेल्या, गाड्यांचा माल मिळतो. अख्खा बॉक्स घेणं पुष्कळदा सुटे पार्ट शोधण्यापेक्षा स्वस्त पडतं, कारण एका बॉक्समधून दोन रिंगा, हब, फोर्क आणि एखादा गिअर असं सगळंच निघतं. घेताना इनपुट शाफ्ट हाताने फिरवा, पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा, ड्रेन प्लग उघडून चुंबक फिरवा, बेलहाउसिंगचे (बॉक्सच्या इंजिनला जोडणाऱ्या तोंडाचे) कान तुटलेले नाहीत ना ते बघा आणि बॉक्सचा कोड तुमच्याकडच्या फोटोशी जुळवा. बेलहाउसिंग जुळलं म्हणजे बॉक्स जुळला असं नव्हे. गिअरचं गुणोत्तर, ड्राइव्हशाफ्टच्या टोकाचे दाते (स्प्लाइन), स्पीडोमीटरचं गिअर, क्लच केबलचा ब्रॅकेट, सगळं तपासा. बिल मागा. बिल नाकारणाऱ्याकडून घेऊ नका, चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हाच आहे. मेरठचा सोतीगंज बाजार याच कारणाने २०२१मध्ये पोलिसांनी बंद पाडला. मी माझा बॉक्स कुर्ल्याहून लोकलच्या लगेज डब्यातून ठाण्याला आणला. तीस-पस्तीस किलोचं ते धूड मांडीजवळ धरून बसलेला माणूस बघून माशांच्या टोपल्यावाल्या मावशींनी मला जागा करून दिली, हा एक वेगळाच मान.

मुंबईत नाहीच मिळालं तर दिल्लीचं काश्मिरी गेट आणि मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट. दिल्ली-एनसीआरमध्ये पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये उचलून धरल्यापासून तिकडे जुन्या गाड्या मोठ्या प्रमाणात मोडीत निघाल्या, त्यामुळे माल बरा असतो. फोनवर फक्त नंबर आणि फोटो. पैसे देण्याआधी त्याच पार्टचा, आजची तारीख लिहिलेल्या कागदाशेजारचा व्हिडिओ मागवा. जो देत नाही त्याच्याकडे तो पार्ट नाही.

पार्टसाठी अख्खी दुसरी गाडी घेण्याचा मोह होतो. घ्या, पण नोंदणी रद्द केल्याशिवाय फोडू नका. ठाण्याचा आरटीओ एमएच-०४, वाशीचा एमएच-४३. गाडी ज्या कार्यालयात नोंदलेली आहे तिथे अर्ज. नाहीतर ती गाडी कागदोपत्री रस्त्यावरच राहते आणि तिची जबाबदारीही कोणाच्या तरी गळ्यात.

परदेशातून मागवायला जपानी गाड्यांसाठी अमायामा, मेगाझिप, पार्टसूक अशी संकेतस्थळं आहेत. चॅसिस नंबरावरून किंवा पार्ट नंबरावरून शोधता येतं. सीमाशुल्क, त्यावर अधिभार, त्यावर आयजीएसटी आणि कुरिअर कंपनीचं हाताळणीचं शुल्क धरून हिशेब करा. गिअरबॉक्स आणि त्याचे भाग ८७०८४० या शीर्षाखाली येतात, बिलावर तसं लिहायला सांगा. नुसतं ‘ऑटो पार्ट’ लिहिलेलं खोकं विचारणा येऊन अडकतं. विक्रेत्याला किंमत कमी दाखवायला सांगू नका. माझ्या योग्य रिंगा अशाच आल्या, चार रिंगांचं एक खोकं, हातात मावेल एवढं, आणि आतल्या पिशवीवर छापलेला तोच नंबर.

शेवटचा मार्ग, बनवून घेणं. वागळे, रबाळे, तळोजा इथे गिअर कापणारे आहेत. दात्यांची संख्या, मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप), हेलिक्सचा (दात्यांच्या तिरकेपणाचा) कोन आणि तो डावा की उजवा, हे सगळं जुन्यावरून मोजतात. धातू ईएन-३५३ किंवा २०एमएनसीआर५ अशा केस-हार्डनिंग जातीचा हवा, आणि हॉबिंगनंतर (दाते कापल्यावर) कार्बुरायझिंग (भट्टीत वरचा थर कडक करणं) झालंच पाहिजे. ते न केलेला गिअर दिसतो चकचकीत आणि महिन्याभरात दाते चेपतात. एकटा गिअर बनवू नका, जोडी बनवा. तुटलेल्या दात्यावर वेल्डिंग करून घासून देणारेही भेटतील. नमस्कार करून बाहेर पडा. सिंक्रो रिंग मात्र बनवून घेण्याच्या फंदात मी पडणार नाही. आतल्या बारीक आट्या आणि निमुळत्या तोंडाचा उतार साधला नाही तर ती पकडतच नाही.

केसमध्ये बेअरिंगची जागा ढिली झाली असेल तर लेथवर बुश बसवून घेता येतं. अगदी किरकोळ ढिलाई असेल तर त्यासाठीचं खास चिकट द्रव्य चालतं. बेअरिंगभोवती पंचने खड्डे मारून घट्ट करण्याची जुनी युक्ती कोणी सुचवली तर त्यांच्या अनुभवाचा मान राखून नाही म्हणा.

८. बांधणी

प्रेसवर बेअरिंग बसवताना जे कडं घट्ट बसतंय त्याच कड्यावर जोर द्या. शाफ्टवर बसतंय तर आतल्या कड्यावर. बाहेरच्या कड्यावर दाबलंत तर गोळ्यांच्या खुणा उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. हब गरम तेलात किंवा ओव्हनमध्ये ऐंशी ते शंभर अंशांपर्यंत तापवला की सहज बसतो. गॅसच्या ज्योतीने तापवू नका.

सिंक्रो रिंगा बसवण्याआधी गिअर ऑइलमध्ये भिजवा. रिंगच्या खाचेत ‘की’ (हबमधली छोटी पट्टी) बरोबर बसली का ते प्रत्येक वेळी बोटाने चाचपून बघा. हबमधल्या दोन स्प्रिंगांची टोकं मॅन्युअलप्रमाणे, एकाच कीमध्ये दोन्ही येऊ देऊ नका. रोल पिन आणि सर्कलिप जुन्या वापरायच्या नाहीत.

टेपर रोलर बेअरिंग असलेल्या शाफ्टला किंवा डिफरन्शियलला शिमची जाडी नव्याने मोजावी लागते. बेअरिंग किंवा केस बदललं आणि शिम जुनाच ठेवला, तर बेअरिंग एक तर सैल राहून रडतं, नाहीतर आवळून जळतं. माझा हरवलेला शिम शेवटी नव्याने मोजून, नवी जाडी ठरवूनच घातला. म्हणजे तो शोधण्यात घालवलेले तीन आठवडे फुकटच गेले.

सीलंटचा थर पातळ, अखंड, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जाड लावलेला थर आत गळून तेलाच्या वाटा बुजवतो. बोल्ट टॉर्क रेंचने, तिरपे-तिरपे. एअर गन ॲल्युमिनियमच्या केसपासून लांब ठेवा. बंद केल्यावर लगेच टेबलावरच सगळे गिअर टाकून दोन्ही शाफ्ट फिरवा. इथे चूक सापडली तर एक तास जातो, गाडीत सापडली तर एक दिवस.

९. तेल

जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे. दुकानात ‘जीएल-५ चांगलं, महाग आहे’ म्हणून पुढे करतात. पितळी सिंक्रोच्या बऱ्याच जुन्या बॉक्सना जीएल-४ सांगितलेलं असतं. जीएल-५मधली डिफरन्शियलसाठीची गंधकयुक्त रसायनं पितळाला मानवत नाहीत, शिवाय रिंगला हवी ती पकडही कमी होते. डब्यावर जीएल-४ लिहिलंय का ते स्वतः वाचा. होंडाला त्यांचं एमटीएफ (मॅन्युअल बॉक्सचं खास तेल); ते मिळेपर्यंत तात्पुरतं दहा-डब्ल्यू-तीस इंजिन ऑइल चालतं, नव्वदचं जाड गिअर ऑइल चालत नाही. थंडीत सकाळी दुसरा गिअर अडतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्या सिटीवाल्यांना आधी हेच विचारा.

१०. चाचणी

पहिले दहा किलोमीटर गल्लीबोळात, रेडिओ बंद, काचा खाली. मग चढावर जोर देऊन बघा. मुंब्रा बायपास किंवा बेलापूरहून पारसिक हिलचा चढ, सकाळी सहाच्या आत. तिसऱ्यात जोर द्या, एकदम पाय काढा, पुन्हा जोर द्या. गिअर उडत नाही ना बघा. परत आल्यावर खाली पुठ्ठा पसरून रात्रभर ठेवा, सकाळी पुठ्ठ्यावरचे डाग बघा. एखादा ठिपका केसच्या जोडाखाली असेल तर सीलंट, चाकाकडे असेल तर ड्राइव्हशाफ्टचा सील.

पाचशे किलोमीटरनंतर तेल बदला आणि चुंबक बघा. थोडी भुकटी असेलच. नव्या रिंगा बसेपर्यंत घाईने गिअर टाकू नका. जुने निघालेले पार्ट नंबर लिहून पिशवीत ठेवून द्या, टाकू नका. माझ्या त्या ०.३ भरलेल्या रिंगेवरून मागच्याच महिन्यात ऐरोलीच्या एका बलेनोवाल्याने आपल्या गाडीतल्या रिंगेचं माप जुळवून घेतलं.